आधी झरा, मग दिवा

राधानगरी तालुक्यात भोगावतीच्या काठी एक लहानसं गाव. गावामागं डोंगर, डोंगराच्या कडेनं जाणारी कच्ची वाट आणि त्या वाटेच्या टोकाला आबांचा दीड एकर ऊस. नदीवर मोटार होती, पाइपलाइन होती, पाणीही होतं. अडचण होती ती विजेच्या पाळीची. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा यायची आणि पुढचा आठवडा रात्री. रात्रीची पाळी लागली की आबा अकराला उठायचे, घोंगडं खांद्यावर टाकायचे आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन वाटेला लागायचे. बाराला लाईट आली की मोटार सुरू करायची, सऱ्यांतून पाणी फिरवायचं आणि पहाटे परत यायचं. तीस वर्षं हेच चाललं होतं.

अलीकडे आबांचा डावा गुडघा कुरकुरू लागला होता. शिवाय त्या वाटेवर गवे असत. राधानगरीचं अभयारण्य गव्यांसाठीच ओळखलं जातं. रानातला चारा आणि पाणी आटलं की कळप खाली उसात उतरतात. पूर्ण वाढलेला नर गवा आठशे ते हजार किलोंचा असतो. तो आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पण अंधारात अचानक समोरासमोर गाठ पडली, तर तो काय करील याचा भरवसा नसतो.

धाकटा मुलगा सागर कॉलेज संपवून गावी आला, तेव्हा एका रात्री आबांना बाहेर पडताना बघून म्हणाला, "आबा, पुढल्या पाळीपासनं मोटार मी बघतो. तुम्ही झोपायचं."

"आणि जाणार कसा त्या अंधारातनं?"

"दादाची गाडी हाय की."

ही गाडी म्हणजे यामाहाची आरएक्स १००. भारतात ती १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवरची ताकद आणि वजनाला हलकी. चिखलमातीच्या शर्यती खेळणारी पोरं त्या काळी तिच्यावर जीव टाकायची. सागरच्या थोरल्या भावानं जुनी गाडी घेऊन तिची डर्टबाईक केली होती. बटन टायर घातले, मडगार्ड उंच केलं, हँडल रुंद केलं आणि वजन उतरवायचं म्हणून हेडलाईट, इंडिकेटर आणि त्यांच्या वायरिंगचा सगळा गुंता उपसून काढला. शर्यतीच्या गाडीला दिवा म्हणजे ओझंच. पुढं भाऊ चाकणला कंपनीत लागला आणि गाडी गोठ्याशेजारी पोत्याखाली उभी राहिली. तिचं इंजिन अजून दोन किकांत सुरू व्हायचं, पण अंधार पडला की ती आंधळी.

दिव्यांसाठी पैसे लागणार होते. उसाच्या बिलाचा हप्ता नुकताच जमा झाला होता आणि त्यातली थोडी रक्कम आईनं आबांच्या गुडघ्याच्या उपचारासाठी बाजूला काढली होती. आबांनी कपाटातून तीच पुरचुंडी काढली आणि सागरच्या हातावर ठेवली. "घे. दिवा चांगला घे," एवढंच म्हणाले.

सागर कोल्हापूरला गेला आणि दुकानातले सगळ्यात लखलखीत दिवे घेऊन आला. ४० वॅटचा एक, असे दोन एलईडी दिवे. सोबत ९ अँपिअर-तासांची नवी बॅटरी. भावानं कधीतरी मॅग्नेटमधल्या कॉइलला एक डायोड लावून बॅटरी थोडीफार चार्ज व्हायची सोय करून ठेवली होती. तीच वायर सागरनं नव्या बॅटरीला जोडली, दिवे हँडलवर आवळले आणि बटण दाबलं.

गोठा, अंगण, समोरचा आंबा, त्याच्या पलीकडची शाळेची भिंत, सगळं दिवसासारखं उजळलं. शेजारीपाजारी बाहेर आले. "डोंगर पेटल्यागत दिसतोय की रं!" कुणीतरी म्हणालं. सागरची छाती फुगली. त्या रात्री तो पंधरा मिनिटांत शेतावर पोचला आणि पहाटे पंधरा मिनिटांत परत आला. दुसरी रात्रही तशीच गेली.

तिसऱ्या रात्री तो चढाच्या मध्यावर होता. डावीकडं दरड, उजवीकडं उतार. दिवे एकदा लुकलुकले, पुन्हा लुकलुकले आणि विझले. जुना बल्ब हळूहळू मंद होतो, माणसाला सावध व्हायला वेळ देतो. एलईडी तसा नसतो. बॅटरीचं व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की तो एकदम बंद पडतो. इंजिन मात्र फटफट चालूच होतं.

अंधाराला डोळे सरावायच्या आधी सागरच्या कानांनी ओळखलं, समोर कुणीतरी आहे. नाकपुड्यांतून सोडलेला जड श्वास. ओल्या गुरासारखा, पण त्याहून उग्र वास. मग खुराखालचा दगड घरंगळल्याचा आवाज. त्यानं हॉर्न वाजवला नाही, गाडी रेस केली नाही, पळालाही नाही. लहानपणी आबांनी एवढंच शिकवलं होतं: गवा दिसला की वाट त्याची. तो दरडीला टेकून उभा राहिला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. अखेर झुडपं मोडल्याचा आवाज उतारानं खाली गेला आणि वाट मोकळी झाली.

तेवढ्यात मागून एक पिवळा ठिपका हलत हलत वर येताना दिसला. काठीचा आवाज आला. आबा होते.

"तुम्ही कसं काय?"

"अंगणातनं बघत होतो. तुजा दिवा गेला तसा निघालो."

तेव्हा सागरला कळलं, की गेल्या दोन्ही रात्री आबा झोपले नव्हते. डोंगरावरचा उजेड शेतापर्यंत पोचेतो ते ओट्यावर बसून राहत होते. आबा बॅटरी घेऊन पुढं झाले आणि सागर पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू त्यांच्या मागून नेऊ लागला. दोन लखलखीत दिवे हँडलवर मेलेल्या डोळ्यांसारखे होते आणि वाट दाखवत होती ती आबांच्या हातातली जुनी बॅटरी. सकाळी घरी आले तेव्हा आबांचा गुडघा एवढा सुजला होता, की पाय टेकवत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सागर गाडी घेऊन बापू मिस्त्रींकडं गेला. बापू तालुक्यातले जुने वायंडर. तरुणपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकले आणि मग इकडं येऊन शेतकऱ्यांच्या मोटारी भरून देऊ लागले. मोटार भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार उपसून नवी तार मोजून गुंडाळणं. दुकानात पाय ठेवला की वार्निशचा वास यायचा आणि कोपऱ्यात जळक्या तारांचे काळे झुपके पडलेले दिसायचे.

"बापू, दिवं फसवं निघालं," सागर म्हणाला. "का बॅटरी ल्हान पडली? आणखी मोठी घालू?"

बापूंनी दिव्यांकडं बघितलंच नाही. ते गाडीच्या डाव्या बाजूला बसले, मॅग्नेटचं कव्हर खोललं आणि आत बॅटरी मारून बघितलं.

"तुज्या उसाला पाणी कुटनं येतं?"

"नदीतनं. मोटारीनं."

"मग रानात पाइपाच्या तोंडाला दुप्पट मोठी नळी बसवलीस, तर पाणी दुप्पट येईल?"

"न्हाई. मोटार जेवढं वडंल तेवढंच यील."

"हितंबी तसंच हाय. दिवा उजेड करत न्हाई, लेका. दिवा उजेड खर्च करतो. उजेड हितं तयार हुतो, ह्या अंधाऱ्या डब्यात. तू तोंडाला मोठी नळी बसवलीस आणि झऱ्याकडं बघितलंच न्हाईस."

बापूंनी सिगारेटच्या पाकिटाचा कागद उलटा केला आणि कानामागची पेन्सिल काढली. मीटर लावून त्यांनी गाडी सुरू केली आणि कच्च्या वाटेवर सागर चालवायचा तेवढीच रेस ठेवून मोजलं. कॉइलमधून बॅटरीत दीड अँपिअर जात होते. १२ व्होल्टला दीडनं गुणलं, १८ वॅट. ही मिळकत. दोन दिवे ८० आणि मागचा लाल दिवा, हॉर्न वगैरे धरून ९०. हा खर्च.

"दर घडीला ७२ वॅटची तूट. ती कुटनं भरतीस?"

"बॅटरीतनं."

"बॅटरी म्हंजी हौद. झरा न्हवं. १२ व्होल्ट आणि ९ अँपिअर-तास, म्हंजी कागदावर १०८. पर ते दहा तासांत सावकाश काडलं तर. असं धबाधबा उपसलंस तर दोन वाटं पदरात पडत्यात, तिसरा हौदातच ऱ्हातो. ७२ धर. रोज जाऊन येऊन अर्धा तास, म्हंजी रातीला ३६. दोन रातींत हौद कोरडा. तिसऱ्या रातीला तू चढावर असणार, हे ह्या कागदावर आदीच लिवलेलं हुतं. तू वाचलं न्हाईस एवढंच."

सागर कागदाकडं बघत राहिला. गवा, अंधार, आबांचा सुजलेला पाय, सगळं त्या चार ओळींच्या हिशेबात होतं.

"मोठी बॅटरी घातली असती तर?"

"तर तिसऱ्याच्या जागी पाचव्या रातीला अंधार झाला असता. हौद कितीबी मोठा बांध, झऱ्यापेक्षा उपसा जास्त असला की तो आटणारच."

"मग इंजिन कसं चालू ऱ्हायलं?"

बापूंनी आतल्या एका वेगळ्या कॉइलवर बोट ठेवलं. "ही ठिणगीची. सीडीआयला करंट देती. हिच्यावर दिव्याचा भार न्हाई, बॅटरीचा न्हाई. म्हणून प्लगची ठिणगी थांबली न्हाई."

मग त्यांनी दिव्याच्या कॉइलची दोन टोकं दाखवली. एक टोक इंजिनच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला जोडलेलं. दुसऱ्या टोकावर भावानं लावलेला एकच डायोड. चुंबक कॉइलभोवती फिरतं तसा करंट एकदा इकडून तिकडं वाहतो, एकदा तिकडून इकडं. डायोड म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. एक लाट आत शिरते आणि दुसरी दारावर आपटून परत जाते.

"म्हंजी निम्मी मेहनत वायाच?"

"व्हय. अर्थचं टोक उचलायचं, दोन्ही टोकं बाहेर काडायची आणि चार डायोडच्या ब्रिजमधनं न्यायची. मग लाट कुटल्याबी बाजूनं येऊ दे, बॅटरीत जाणार. पर एक ध्यानात ठेव. टोक अर्थला चिकटलेलं ठेवून ब्रिज लावलास तर ब्रिज जळंल. पैलं टोक मोकळं, मग बाकीचं."

"एवढ्यानं भागंल?"

"न्हाई. कॉइलबी नव्यानं भराय लागंल. आणि ती तू भरायची. मी बसतो शेजारी."

सागर चमकला. पण बापूंनी तांब्याच्या एनॅमल तारेचं बोबीन त्याच्या पुढ्यात ठेवलंच होतं.

कॉइलची जागा ठरलेली असते. तेवढ्यात जाड तार घेतली तर करंट जास्त वाहतो, पण वेढे कमी बसतात आणि गाडी हळू चालताना व्होल्टेज उभं राहत नाही. बारीक तार घेतली तर वेढे खूप बसतात, हळू चालीतही व्होल्टेज मिळतं, पण करंट अडखळतो. शर्यतीची गाडी कायम वरच्या रेसमध्ये असते, तिला जाड तार चालली असती. सागरची वाट चढाची, दगडांची आणि हळू चालीची. बापूंनी तीच चाल डोळ्यांसमोर ठेवून मधला गेज निवडला आणि वेढे लिहून दिले. म्हणाले, "झरा कुणासाठी खणायचा, हे आदी ठरवाय लागतं."

सागरनं घाईनं सुरुवात केली. तासाभरात कॉइल भरून झाली. दिसायलाही देखणी दिसत होती. बापूंनी सिरीज लॅम्पचं एक टोक तारेला आणि दुसरं लोखंडी गाभ्याला लावलं. बल्ब पेटला. पेटायला नको होता. गाभ्याच्या धारेवर तार घासून तिचं एनॅमल कुठंतरी खरवडलं होतं आणि करंट लोखंडात उतरत होता.

"कुटं ते शोधून एवढाच भाग नीट करू?"

"खालच्या थराला इजा झाली असंल तर वरनं कशी निस्तरणार? सोड सगळी."

सागरनं सगळे वेढे उलगडले. पुन्हा बसला. या वेळी त्यानं गाभ्याच्या धारा पॉलिश पेपरनं गोल केल्या, इन्सुलेशनचा कागद दोन पदरी लावला आणि वेढ्याला वेढा चिकटवत, मनात आकडा धरत तार भरली. दुपारचं जेवण राहिलं. कोपऱ्यात बापू एका शेतकऱ्याची मोटार उपसत होते. तारांचा काळा जळका झुपका त्यांनी सागरसमोर टाकला.

"ही कशानं जळाली, ठावं हाय? भारानं. व्होल्टेज कमी, वर भार जास्त. मोटार बोलत न्हाई बग. आदी अंग तापतं. मग वास येतो. ज्याचं ध्यान असतं तो तवाच बंद करतो. ज्याचं नसतं तो जळाल्यावर माज्याकडं येतो."

थोड्या वेळानं त्यांनी सहज विचारलं, "आबाचा गुडघा कसा हाय?"

सागरचा हात थांबला. दिव्यांचे पैसे कुठून आले होते, ते त्याला आठवलं. आधी दादाच्या गाडीसाठी, मग त्याच्या कॉलेजसाठी, आता या दिव्यांसाठी. प्रत्येक नवा दिवा घरातल्या एकाच कॉइलवर चढवला होता. त्या कॉइलनं कधी तक्रार केली नव्हती. तिचं अंग तापत होतं आणि घरात सगळे दिव्याचं कौतुक करत होते. त्याचा आकडा चुकला. त्यानं चार वेढे उलगडले आणि पुन्हा मोजले.

संध्याकाळी सिरीज लॅम्प लावला तेव्हा बल्ब पेटला नाही. बापूंनी कॉइलला वार्निश पाजलं आणि ती रात्रभर १०० वॅटच्या बल्बच्या उबेत वाळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. ब्रिज आणि रेग्युलेटर एकाच डबीत होते. रेग्युलेटर कशाला, असं सागरनं विचारलं तेव्हा बापूंनी धरणाच्या दिशेला हात केला.

"राधानगरीचं सात दरवाजं बगितलेत न्हवं? पाणी ठरल्या पातळीवर गेलं की आपोआप उघडत्यात, पातळी उतरली की आपोआप मिटत्यात. धरण फुटू नये म्हणून. हा बॅटरीचा दरवाजा. साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत न्हाई. न्हाईतर वरच्या रेसला बॅटरी उकळंल." मग थोडं थांबून म्हणाले, "ते धरण शाहू महाराजांनी बांधायला काडलं. १९२२ साली म्हाराज गेले तवा ते पुरं झालं नव्हतं. पर रान पिकवायचं तर आदी पाणी अडवाय पायजे, हे त्यांनी वळखलं हुतं. आज तू ऊस पिकवतोस तो त्या वळखीवर."

बॅटरीच्या जवळच फ्यूज बसला. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. वायर सायलेन्सरपासून लांब नेली आणि हँडलच्या मानेपाशी थोडी सैल ठेवली. डर्टबाईक इतकी हादरते, की ताणलेली वायर महिनाभरात आतून तुटते.

मग बापूंनी पुन्हा मोजलं. त्याच वाटेच्या चालीला आता ६० वॅट मिळत होते. कागदावर त्यांनी नवा आकडा लिहिला आणि पेन्सिल सागरच्या हातात दिली.

सागरनं खर्चाच्या बाजूचे ९० बघितले. ६० मध्ये ९० बसत नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बापू, आपल्याकडं म्हणतात की, अंथरूण पाहून पाय पसरावं."

"खरं हाय. पर अंथरूण आखूड हाय म्हणून जन्मभर गुडघं पोटाशी घिऊन झोपावं, असं कुणी सांगितलंय? वीण वाढवायची. दोन दिवस तू तेच केलंस. आता वाढीव अंथरुणात मावतील एवढंच पाय सोड."

सागरनं ४० वॅटचे दोन्ही दिवे गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला विकले. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर मोठा, त्याला ते सहज पेलणार होते. त्या पैशांतून २० वॅटचे दोन दिवे आले आणि उरलेली रक्कम आईच्या हातात गेली, गुडघ्याच्या पुरचुंडीत. आता खर्च दिव्यांचा ४०, मागचा ५, एकूण ४५. मिळकत ६०. उरलेले १५ वॅट बॅटरीत शिल्लक. गाडी एका जागी मंद चालत असताना मिळकत घटायची, तेवढी तूट ही शिल्लक भरून काढायची.

दिवे बसवताना बापूंनी ते भिंतीसमोर उजळून बघितले आणि थोडे खाली वळवले. "तुजी वाट दिसाय पायजे. समोरच्याचं डोळं दिपाय नकोत. मग तो माणूस असू दे न्हाईतर जनावर."

पुढच्या पाळीच्या रात्री सागर निघाला तेव्हा अंगण दिवसासारखं उजळलं नाही. शेजारी बघायला बाहेर आले नाहीत. पुढची तीस-चाळीस पावलांची वाट मात्र दगड न् दगड दिसेल अशी स्वच्छ दिसत होती. चढाच्या मध्यावर आल्यावर त्याच्या पोटात गोळा आला. दिवे लुकलुकले नाहीत. त्यानं रेस कमी केली, दिवे तसेच राहिले. वाढवली, तरीही तसेच राहिले. हँडलवर बसवलेल्या छोट्या मीटरवर १४.२ हा आकडा ठाम उभा होता.

वळणापलीकडं वाटेत चार गवे उभे होते, एक वासरू मधे घेऊन. या वेळी सागरला ते लांबूनच दिसले. त्यानं गाडी थांबवली, एक दिवा बंद केला आणि इंजिन मंद ठेवून वाट बघितली. कळप सावकाश उतारावरून खाली गेला. मग तो पुढं निघाला.

सात रात्री गेल्या. पहिल्या दोन रात्री आबा ओट्यावर बसून डोंगरावरचा उजेड बघत राहिले. तिसऱ्या रात्री उजेड चढाच्या मध्याच्या पलीकडं गेला, तेव्हा ते उठले, आत गेले आणि आडवे झाले. आई सांगते, त्या रात्री ते पहाटेपर्यंत कुशीसुद्धा वळले नाहीत. आठवड्याच्या शेवटी सागर त्यांना कोल्हापूरला डॉक्टरांकडं घेऊन गेला आणि परत आल्यावर उसाच्या हिशेबाची वही त्यानं आपल्याकडं घेतली. पहिल्या पानावर त्यानं मधे उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, मिळकत. उजव्या बाजूला, खर्च. आणि वर आणखी एक ओळ लिहिली: मिळकत कोण कमावतं?

ही गोष्ट एका गाडीच्या दिव्याची आहे, तशीच ती प्रत्येक घराची आहे. दिवे सगळ्यांना दिसतात. मॅग्नेटच्या अंधाऱ्या डब्यात बसलेली कॉइल कुणाला दिसत नाही. घर उजळतं ते अशाच एखाद्या न दिसणाऱ्या कॉइलवर. कुठं ते वडील असतात, कुठं आई, कुठं परगावी राबणारा भाऊ, कुठं लवकर संसाराला लागलेली बहीण. नवा दिवा लावावासा वाटला, तर जरूर लावा. अंधारात राहण्यात काही मोठेपण नाही. पण बटण दाबण्याआधी एकदा कव्हर खोलून बघा. झरा किती देतो ते मोजा, निम्मं कुठं वाया जातं ते शोधा, वेढे वाढवायचे असतील तर ते आपल्या हातांनी भरा. आणि आज रात्री घरातल्या त्या माणसाजवळ बसून एवढंच विचारा: तुमचं अंग तापलंय का?